नवा अरेंजर घेण्याआधी जुन्याची झाडाझडती

यामाहाचा जेनोस हा अरेंजर (डाव्या हाताने कॉर्ड धरला की ठेका आणि साथ आपोआप देणारा कीबोर्ड) २०१७ मध्ये आला आणि जेनोस-२ आला २०२३ मध्ये. कॉर्गचा पीए४एक्स २०१५ चा, पीए५एक्स २०२२ चा. वरच्या दर्जाच्या अरेंजरची पिढी अशी सहा-सात वर्षांनी बदलते. तेवढ्या काळात जुन्या वाद्यातले आवाज शिळे होत नाहीत. तरी नव्या मॉडेलचा डेमो ऐकला की आपला कीबोर्ड पातळ वाटू लागतो. डेमो वाजवणारा पट्टीचा वादक असतो, रेकॉर्डिंग उत्तम असतं आणि वाजवलेले टोन (पियानो, गिटार असे तयार आवाज) ते मॉडेल ज्यांच्या जोरावर विकायचं तेवढेच असतात. त्यामुळे तो करमणूक म्हणून ऐकावा. बदलायचं की नाही हे ठरवायला तुमच्याच कीबोर्डची तपासणी करावी लागते आणि ती दोन-तीन संध्याकाळींत होते.

## आधी तक्रार नेमकी करा

पुढच्या काही कार्यक्रमांत किंवा सरावांत कीबोर्डने जिथे जिथे अडवलं, तिथे गाणं आणि नेमकं काय झालं ते लिहून ठेवा. "आवाज जुनाट वाटतो" असं लिहून उपयोग नाही, कारण त्यावर कुठलाच इलाज सुचत नाही. "पियानोवर स्ट्रिंग्ज चढवून पेडल धरलं की आधीचे स्वर तुटतात", "मधल्या सप्तकातली एक पट्टी हळू दाबली तरी किंचाळते", "एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना ठेका अडखळतो" अशा शब्दांत लिहा.

आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांचे चार ढीग करा. पहिल्यात कीबोर्डच्या बाहेरची कारणं: केबल, मिक्सर, स्पीकर. दुसऱ्यात सेटिंग आणि स्टाइलमधले, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या तयार साथीतले दोष. तिसऱ्यात झीज. चौथ्यात वाद्याच्या बांधणीतल्या मर्यादा. नवा कीबोर्ड फक्त चौथ्या ढिगावरचं औषध आहे. पहिल्या दोन ढिगांतल्या तक्रारी नव्या वाद्याबरोबरही तुमच्या मागे येणार आणि मग महिन्याभरात "हाही काही खास नाही" असं वाटू लागणार.

(नवं हवंसं वाटणं हेही कारण असू शकतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्याला पॉलिफनीच्या (एका वेळी किती आवाज वाजू शकतात त्याच्या) गरजेचं नाव देऊ नये.)

## आवाज पातळ वाटतो: कीबोर्ड की स्पीकर?

चांगला बंदिस्त, वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा येतो आणि हात मागे पडतो. तक्रार ज्या गाण्याबद्दल होती तेच गाणं हेडफोनवर वाजवा. हेडफोनवर बास भरीव आणि झांज स्वच्छ येत असेल तर कीबोर्ड निर्दोष आहे. बास गिटारच्या सगळ्यांत खालच्या मोकळ्या तारेची मूळ कंप्रता सुमारे ४१ हर्ट्झ असते. कीबोर्डच्या अंगातले छोटे स्पीकर तिथवर पोचतच नाहीत; तुम्ही ऐकता ते तिचे वरचे हार्मोनिक. म्हणून अंगच्या स्पीकरवर दोन मॉडेलांची तुलना केली तर तुलना स्पीकरांची आणि पेटीच्या आकाराची होते. जेनोसला तर अंगचे स्पीकरच नाहीत.

हेडफोनवर ठीक आणि स्टेजवर खराब, अशी स्थिती असेल तर पुढच्या गोष्टी क्रमाने बघा.

कीबोर्डचा मास्टर व्हॉल्यूम ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचं मिक्सरच्या गेनवर जुळवा. उलट केलं, म्हणजे कीबोर्ड अगदी कमी आणि गेन चढा, तर केबलमधली खरखरही गेनबरोबर चढते.

स्टेजचा पीए (स्पीकरची यंत्रणा) बहुतेक वेळा मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र करणारा असतो आणि स्टीरिओ पियानोचं खरं वाटोळं तिथेच होतं. डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळ्या माइकवर घेतलेले आवाज एकत्र मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खातात आणि पियानो पोकळ ऐकू येतो. फक्त 'एल/मोनो' जॅक वापरला तरी बेरीज कीबोर्डच्या आत होते, म्हणून दोष तसाच राहतो. दोन्ही जॅक भरून मिक्सरवर फक्त डावा घेतला तर पियानो सुधारतो, पण स्टाइलमध्ये उजवीकडे पॅन केलेलं (उजव्या बाजूला ठेवलेलं) गिटार गायब होतं. त्यापेक्षा मोनोसाठी वेगळी रजिस्ट्रेशन (टोन, स्टाइल आणि पातळ्यांची एका बटणावर साठवलेली मांडणी) ठेवावी: त्यात मोनो किंवा जुन्या पद्धतीचा एकसुरी पियानो निवडा आणि स्टाइलच्या सगळ्या भागांचं पॅन मध्यभागी आणा. हेडफोनवर हा टोन साधा वाटेल. हॉलमध्ये तोच पुढे येतो.

हॉलचा स्वतःचा घुमारा असतो, त्यावर कीबोर्डचा रिव्हर्ब चढवू नका. कारखान्यातून येणाऱ्या टोनमध्ये रिव्हर्ब घरी हेडफोनवर ऐकणाऱ्यासाठी बेतलेला असतो. मास्टर रिव्हर्ब निम्म्यावर आणला तरी "नवा आवाज" मिळाल्यासारखं वाटतं.

लॅपटॉप यूएसबीने जोडल्यावर घुंss असा आवाज येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारा आवाज आहे. कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डी-आय बॉक्स (थेट विद्युत जोडणी तोडणारी डबी) लावा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सांगेल. तो जिवावर बेतू शकतो, करू नका.

## स्टाइल कंटाळवाण्या झाल्या

असमाधानाचं सगळ्यांत मोठं कारण हे आहे. चारशे-पाचशे स्टाइल असलेल्या कीबोर्डवर बहुतेक वादक वीस-पंचवीसच वापरतात आणि त्याही कारखान्यातून आल्या तशाच. ठेक्याचे दोन, बास, दोन कॉर्ड, पॅड, दोन फ्रेज असे आठही भाग सतत वाजत राहतात. ते प्रत्येक गाण्यात तसंच ऐकून कान विटतो. नव्या मॉडेलमध्येही आठ भागच असतात.

म्हणून आधी वजाबाकी करा. स्टाइल सुरू करा, मिक्सर उघडा आणि ठेका व बास सोडून सगळं बंद करा. मग एकेक भाग परत आणा आणि गाण्याला जो नसला तरी चालतो तो बंदच ठेवा. बहुतेक वेळा फ्रेजचे दोन्ही भाग बाहेर राहतात, कारण ते गाण्याच्या सुरावटीशी भांडतात. स्टाइलच्या ए ते डी या चार विभागांपैकी मेन ए मध्ये तीन भाग, बी मध्ये चार, सी मध्ये पाच आणि फक्त डी मध्ये सगळे, अशी चढण केली तर ध्रुवपदाला खरोखर उठाव येतो. त्यासाठी स्टाइल क्रिएटरमध्ये जाऊन त्या त्या विभागातला नको असलेला भाग पुसावा लागतो. नुसत्या मिक्सरच्या बंद-चालूने चारही विभागांत एकसारखा बदल होतो. बदललेली स्टाइल नव्या नावाने साठवा, नाहीतर स्टाइल बदलताच मेहनत पुसली जाते.

दुसरा बदल आवाजाच्या पातळीचा. ० ते १२७ च्या मापात उजव्या हाताचा मुख्य टोन १०० वर ठेवून स्टाइल ७५ ते ८५ च्या दरम्यान आणा. कारखान्यात दोन्ही सारखे असतात आणि मग सुरावट ठेक्यात बुडते.

तिसरा, ड्रम किट. कॉर्गच्या पीए मालिकेत ड्रम मॅप आणि किक-स्नेअर वेगळे निवडायची सोय स्टाइलच्या सेटिंगमध्येच असते. दोन-तीन मिनिटांत जुन्या स्टाइलचा पोत बदलतो. यामाहावर किटच बदला, पण नवं किट त्याच रचनेचं घ्या, नाहीतर हायहॅटच्या जागी भलताच तुकडा वाजतो.

बाहेरून आणलेल्या स्टाइल बिघडलेल्या वाटतात, त्याची कारणं ठरलेली आहेत. यामाहाच्या स्टाइलचे दोन प्रकार आहेत: जुना एसएफएफ१ आणि टायरोस-३ पासून (२००८) आलेला एसएफएफ२, ज्याला जीई म्हणजे गिटार एडिशनही म्हणतात. नवा कीबोर्ड जुना प्रकार वाचतो. जुना कीबोर्ड नवा प्रकार वाचत नाही. तिथे दोष तुमच्या हाताचा नाही.

गिटार अधूनमधून किंचाळतं आणि मध्येच चिवचिवाट होतो, याचं कारण मेगाव्हॉइस. या टोनमध्ये दाबाच्या वेगवेगळ्या पातळ्यांना वेगवेगळ्या करामती बांधलेल्या असतात: हलक्या दाबाला साधी तार, त्यावर डेड नोट, पुढे हॅमर आणि स्लाइड, अगदी वरच्या सप्तकांत तर स्वरांऐवजी तारांवर बोट घसरल्याचे आवाज. तो टोन तुमच्या मॉडेलमध्ये नसला की कीबोर्ड जवळचं साधं गिटार लावतो. मग तीच पातळी म्हणजे नुसता चढ-उतार आणि तेच घसरल्याचे आवाज म्हणजे भलतेच उंच स्वर. अशा स्टाइलमध्ये टोन बदलून भागत नाही. तो भाग पुसून दुसऱ्या स्टाइलमधला गिटारचा भाग तिथे आणा. स्टाइल क्रिएटरच्या असेंब्लीमध्ये हे करता येतं.

कॉर्ड बदलला की ड्रमचा तुकडाच बदलतो, म्हणजे सा वर किक आणि रे वर दुसरंच काही? त्या भागाला ट्रान्सपोजचा, म्हणजे कॉर्डप्रमाणे स्वर सरकवण्याचा नियम लागला आहे. यामाहात त्याच्या दोन सेटिंग आहेत, एनटीआर आणि एनटीटी: ड्रमच्या भागाला एनटीआर 'रूट फिक्स्ड' आणि एनटीटी 'बायपास' ठेवा. बाससाठी 'रूट ट्रान्स' आणि 'मेलडी', कॉर्डच्या भागांसाठी 'रूट फिक्स्ड' आणि 'कॉर्ड' हे सुरुवातीला योग्य. बास काही कॉर्डांवर अचानक वरच्या सप्तकात उडी मारत असेल तर त्या भागाची 'हाय की' खाली आणा. ती 'एफ' वर ठेवली की 'एफ शार्प' आणि त्यावरचे मूळ स्वर खालच्या सप्तकात वळतात. हे एकदा हाताला बसलं की फुकट मिळालेल्या निम्म्या स्टाइल वापरण्याजोग्या होतात.

एका कंपनीच्या स्टाइल दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर थेट चालत नाहीत. रूपांतराची सॉफ्टवेअर आहेत, पण किटची मांडणी वेगळी असल्याने प्रत्येक स्टाइल हाताने दुरुस्त करावी लागते. एका स्टाइलला अर्धा तास धरा आणि संग्रह तीनशेचा असेल तर कंपनी बदलण्याआधी तो गुणाकार करून बघा.

## पट्ट्या, डायल, पेनड्राइव्ह

एखादी पट्टी वाजत नाही किंवा हळू दाबूनही पूर्ण जोरात वाजते, ही वय झाल्याची खूण समजून लोक कीबोर्ड विकतात. हे काम खरं तर साफसफाईचं आहे. प्रत्येक पट्टीखाली रबरी घुमट असतो आणि त्यात कार्बनच्या दोन गोळ्या. पट्टी खाली जाताना आधी एक गोळी सर्किटला टेकते, मग दुसरी. दोन स्पर्शांमधल्या वेळेवरून कीबोर्ड दाब ओळखतो: वेळ कमी तर जोर जास्त. एका गोळीखाली धूळ किंवा तेलकट थर बसला की हिशोब चुकतो आणि मॉडेलप्रमाणे स्वर एकतर येत नाही किंवा कमाल जोराने येतो.

साफ करण्यासाठी अडॅप्टर काढून ठेवा. कीबोर्ड मऊ कापडावर उलटा ठेवा. तळाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून काढाल तसे कागदावर त्याच मांडणीत टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर वरचं प्लास्टिक फुटतं. तळ उघडण्याआधी आणि नंतर फोटो काढा. चपट्या रिबन केबलचं कुलूप असेल तर ते उघडल्याशिवाय ओढू नका. पट्ट्यांचा सांगाडा बाहेर काढून सर्किट बोर्ड वेगळा केला की रबर स्ट्रिप दिसतात, बहुतेक एकेका सप्तकाच्या. बोर्डवरचे काळे संपर्क आणि रबरातल्या गोळ्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या बोळ्याने हलके पुसा. घासू नका, कार्बन निघाला तर स्ट्रिपच बदलावी लागते. गंजावर मारायचे तेलकट स्प्रे इथे चालत नाहीत, ते पुन्हा थर सोडतात. १५ मिनिटं वाळू द्या. स्ट्रिप बसवताना रबराच्या शेपट्या बोथट काडीने छिद्रांत पूर्ण ओढून घ्या आणि हवा जायच्या खाचा मोकळ्या आहेत ना ते बघा. खाच बुजली तर पट्टी जड लागते. वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं काही न करता सर्व्हिस सेंटर गाठा.

सगळ्याच पट्ट्या जड किंवा चंचल वाटत असतील तर स्क्रू उघडायच्या आधी टच सेटिंग पाहा. सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशा पातळ्या असतात आणि कुणीतरी ती बदलून ठेवलेली असते.

डायल एक पायरीऐवजी दोन उड्या मारत असेल तर एन्कोडर (डायलचं फिरणं मोजणारा भाग) झिजलाय. सुटा भाग मिळतो, बदलून मिळतो. टचस्क्रीनवर बोट एकीकडे आणि निवड दुसरीकडे असेल तर कॅलिब्रेशन करा. कीबोर्ड सुरू व्हायला किंवा रजिस्ट्रेशन शोधायला फार वेळ घेत असेल तर संशय पेनड्राइव्हवर घ्या. ३२ जीबी किंवा त्याहून लहान, एफएटी३२ मध्ये, कीबोर्डवरच फॉरमॅट केलेला नवा पेनड्राइव्ह लावून बघा आणि एका फोल्डरमध्ये हजार फाइली कोंबू नका. तिथेच फर्मवेअरची आवृत्तीही तपासा. कंपन्या दोष दुरुस्त करून नवी आवृत्ती देतात, पण ती चढवण्याआधी सगळा डेटा बाहेर काढा आणि मध्ये वीज जाणार नाही अशी वेळ निवडा.

## कीबोर्ड बदलावाच लागेल अशा मर्यादा

पॉलिफनीची परीक्षा सोपी आहे. उजव्या हाताला तीन टोन एकावर एक, प्रत्येक टोनचे आत दोन घटक, आणि चार स्वरांचा कॉर्ड: एका दाबात २४ आवाज खर्च झाले. पेडल धरून असे तीन कॉर्ड घेतले की ७२, आणि स्टाइलचा हिशोब अजून धरलेलाच नाही. कॅसिओच्या सीटी-एक्स५००० ची मर्यादा ६४ आहे, यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० ची १२८, जेनोसची २५६. स्वर तुटतात का हे पूर्ण स्टाइल चालू ठेवून असंच वाजवून ऐका. तुटत असतील आणि टोनचा एक थर कमी करणं गाण्याला मानवत नसेल, तर ही खरी मर्यादा. एक-एक टोन वाजवणाऱ्याला मात्र १२८ आणि २५६ मधला फरक कानाला कळणार नाही.

स्वतःचे किंवा विकतचे सँपल (रेकॉर्ड केलेले आवाज) चढवायचे असतील तर मेमरी मोजा. यामाहात एस९७० ला एक्स्पान्शन ५१२ एमबी, एसएक्स९०० ला सुमारे १ जीबी, जेनोसला आधी १.८ जीबी आणि फर्मवेअर २.० नंतर ३ जीबी, जेनोस-२ ला ३ जीबी. असा अपवाद सोडला तर हा आकडा अपडेटने वाढेल असं धरू नका.

बाकीच्या खऱ्या मर्यादा लगेच दिसतात. ६१ पट्ट्यांवर स्प्लिट करून (डाव्या आणि उजव्या हाताला वेगळे टोन देऊन) उजव्या हाताला जागा उरत नाही, तर ७६ हव्यात. ठेका आणि बास मिक्सरवर वेगळा पाठवायचा आहे, तर जादा आउटपुट हवेत. गाता-गाता वाजवणाऱ्याला माइकची सोय आणि व्होकल हार्मनी हवी. कॉर्डची मालिका नोंदवून डावा हात मोकळा करायचा असेल तर कॉर्ड लूपर किंवा कॉर्ड सिक्वेन्सर हवा. एसएक्स९०० मध्ये तो आहे, कॉर्गने पीए३एक्स मध्येच दिला होता. आणि वजन: जेनोस १३ किलो, एसएक्स९०० साडेअकरा. रोज जिने चढणाऱ्याने ते आधी विचारात घ्यावं.

## मधला रस्ता

तक्रार फक्त पियानो किंवा स्ट्रिंग्जच्या दर्जाची असेल तर पूर्ण अरेंजर बदलणं ही उधळपट्टी आहे. ठेका आणि स्टाइल जुन्याच कीबोर्डवर ठेवा आणि उजव्या हाताचा एक टोन लॅपटॉप, टॅब्लेट किंवा साउंड मोड्यूलवरून घ्या. यूएसबी-मिडीने (आवाजाऐवजी कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढंच पाठवणाऱ्या जोडणीने) जोडा, उजव्या हाताच्या भागाचं ट्रान्समिट एका चॅनलवर ठेवून बाकीचे भाग बंद करा आणि कीबोर्डवर त्या भागाचा लोकल कंट्रोल ऑफ करा, नाहीतर दोन्ही टोन एकदम वाजतील. यामाहात स्टाइलचे भाग ९ ते १६ चॅनलवर असतात, तेवढे टाळा.

लॅपटॉपवर बफर (आवाजाचा आधी भरून ठेवायचा साठा) १२८ सँपल ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला त्याचाच उशीर २.९ मिलिसेकंद, २५६ ला ५.८. इंटरफेसचा आणि मिडीचा उशीर धरून सगळं मिळून दहा मिलिसेकंदांच्या आत राहिलं तर हाताला जाणवत नाही. कटकट एकच: कार्यक्रमात आणखी एक यंत्र, आणखी एक वायर, आणखी एक बिघडायची जागा. घरी आणि स्टुडिओत हा मार्ग उत्तम. भरगच्च स्टेजवर तेवढा नाही.

## नवा वाजवून बघताना

स्वतःचा हेडफोन न्या आणि पेनड्राइव्हवर स्वतःच्या दहा स्टाइल, चार रजिस्ट्रेशन बँक आणि दोन-तीन मिडी फाइली न्या. डेमोचं बटण दाबूच नका. दोन मॉडेलांची तुलना करताना आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्या. मोठ्याने वाजणारं वाद्य नेहमी चांगलं वाटतं, हा कानाचा जुना दोष आहे. मास्टर कॉम्प्रेसर आणि इफेक्ट बंद करून एकदा ऐका. पियानोचा एकच स्वर दाबून तो पूर्ण विझेपर्यंत थांबा. लूप, म्हणजे सँपलचा पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, कुठे सुरू होतो ते तिथे कळतं.

मग काम करून बघा. ठेका चालू असताना स्टाइल बदला, ट्रान्सपोज एक पायरी वर घ्या, पेडलने पुढची रजिस्ट्रेशन घ्या, टेम्पो बदलल्याशिवाय परत या. टचस्क्रीनवर बास बंद करायला किती वेळा बोट टेकवावं लागतं ते मोजा. जुन्यावर एका बटणाचं काम नव्यावर तीन स्पर्शांचं झालं असेल तर स्टेजवर त्याचा रोज त्रास होणार. यादीतली चौथ्या ढिगातली प्रत्येक तक्रार इथे मिटते का, एवढंच शेवटी तपासायचं.

एक पर्याय अनेकांच्या लक्षात येत नाही: मधल्या दर्जाच्या नव्याऐवजी मागच्या पिढीतला वरच्या दर्जाचा, वापरलेला. टायरोस-५ किंवा पहिला जेनोस हा आजही पट्ट्या, आउटपुट आणि टोनच्या बाबतीत मधल्या फळीच्या तोडीचा किंवा वरचढ आहे. वापरलेला घेताना पियानोच्या टोनवर प्रत्येक पट्टी अगदी हळू आणि अगदी जोरात दाबून बघा. प्रत्येक बटण, प्रत्येक स्लायडर, दोन्ही यूएसबी पोर्ट आणि पेडलचे सगळे जॅक तपासा. स्क्रीन पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी करून डाग शोधा.

## सामान हलवताना

जुना कीबोर्ड विकण्याआधी नवा हातात हवा आणि दोन्ही काही आठवडे शेजारी हवेत. स्टाइलची मूळ पातळी ऐकून जुळवायला दुसरा मार्ग नाही.

कीबोर्डचा पूर्ण बॅकअप त्याच मॉडेलवर परत चढवण्यासाठी असतो, दुसऱ्या मॉडेलवर तो उघडत नाही. म्हणून बॅकअपवर विसंबू नका. स्टाइल, रजिस्ट्रेशन, मल्टीपॅड (बटण दाबून वाजवायचे छोटे तुकडे), स्वतः केलेले टोन आणि गाणी फाइल म्हणून वेगवेगळ्या फोल्डरांत काढा आणि दोन ठिकाणी ठेवा.

रजिस्ट्रेशन ही सगळ्यांत नाजूक गोष्ट. तिच्यात स्टाइल नसते, स्टाइलचा पत्ता असतो: कुठला ड्राइव्ह, कुठला फोल्डर, कुठली फाइल. फोल्डरचं नाव बदललं किंवा पेनड्राइव्हवरची फाइल अंगच्या मेमरीत हलवली की रजिस्ट्रेशन जुन्या जागी शोधते आणि गाणं भलत्याच स्टाइलवर उघडतं. फोल्डरांची रचना आणि नावं जशीच्या तशी नेली तर निम्मं काम वाचतं. त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलवर जुनी रजिस्ट्रेशन बहुधा उघडते. उलट दिशेने नाही. उघडली तरी टोनच्या पातळ्या, डीएसपी (इफेक्ट) आणि पेडलची कामं बदललेली असतात. प्रत्येक रजिस्ट्रेशन वाजवून, दुरुस्त करून नव्या नावाने साठवा. सुरुवात सगळ्यांत जास्त वाजणाऱ्या पंधरा गाण्यांपासून करा. कधीतरी लागणारी गाणी लागतील तेव्हा.

विकत घेतलेले आवाजांचे पॅक बहुधा त्या एका वाद्याशी बांधलेले असतात. यामाहात कीबोर्डची इन्स्ट्रुमेंट इन्फो फाइल काढून एक्स्पान्शन मॅनेजरमध्ये त्या वाद्यापुरती पीपीआय फाइल बनवावी लागते; जुनी पीपीआय नव्यावर चालत नाही. तुमच्याकडे मूळ पीपीएफ (वाद्याशी न बांधलेली पॅकची फाइल) असेल तर तिच्यातून नवी बनवा. तीही विकतची असेल तर विक्रेत्याकडे नव्या वाद्यासाठी परवाना मिळतो का हे कीबोर्ड घेण्याआधी विचारा. पॅकवरच अर्धा कार्यक्रम उभा असेल तर या एका उत्तरावर सगळा व्यवहार फिरू शकतो.

पेडलही तपासा. सस्टेन उलटा चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबत असेल, तर पोलॅरिटी उलट आहे. अनेक कीबोर्ड सुरू होताना पोलॅरिटी ओळखतात. म्हणून पेडलवर पाय न ठेवता कीबोर्ड बंद करून परत सुरू करा. एक्स्प्रेशन पेडलमध्ये टिप आणि रिंगची जोडणी कंपनीनुसार वेगळी असते आणि चुकीचं पेडल एकतर शेवटच्या थोड्या फिरकीतच काम करतं किंवा अजिबात नाही.

जुना देताना फॅक्टरी रीसेट करा, स्वतःच्या फाइली अंगच्या मेमरीतून वेगळ्या पुसा आणि त्याचा मूळ अडॅप्टर त्याच्याबरोबरच द्या. यामाहाचा पीए-३००सी अडॅप्टर १६ व्होल्ट, २.४ अँपिअर देतो. दुसऱ्या कीबोर्डचा ९ किंवा १२ व्होल्टचा पिनला बसणारा अडॅप्टर बसतो म्हणून लावला तर कीबोर्ड सुरू होत नाही किंवा जोरात वाजवल्यावर मध्येच बंद पडतो. उलट्या पोलॅरिटीचा लावला तर आतला सर्किट बोर्ड जळू शकतो. अडॅप्टरवर आणि कीबोर्डच्या मागे दोन्हीकडे मॉडेलचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावून ठेवा.